'रेफरल'ला काय म्हणायचं : संदर्भ, शिफारस की आणखी काही?

पुढच्या महिन्यात आमच्या भागातल्या दहा-बारा संस्थांना एका दिवसासाठी एकत्र बसवायचं ठरतंय. समुपदेशन केंद्र, पाळणाघर, व्यसनमुक्तीचं काम करणारे, रेशनकार्डाची कामं करून देणाऱ्या ताई, दोन अंगणवाड्या. एकीकडे आलेल्या माणसाला दुसरीकडे पाठवताना कोणती माहिती कुणाकडे आणि कशी जावी, एवढाच विषय. आमंत्रणपत्र लिहायला घेतलं आणि पहिल्याच ओळीत अडले : असं पाठवण्याला, म्हणजे 'रेफरल'ला, मराठीत काय म्हणायचं?

शब्दासाठी एवढी का अडून बसलेय, ते सांगते. मागच्या पावसाळ्यात एक बाई आमच्याकडे आल्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेल्या चार चिठ्ठ्या, चार ठिकाणच्या. ओल लागून शाई फुटलेली. प्रत्येकीवर 'पुढे पाठवले' आणि खाली सही. त्यातली एक माझ्याच अक्षरातली. ज्या केंद्रात मी त्यांना पाठवलं होतं, त्याची जागा बदलली होती, ते आम्हाला ठाऊकच नव्हतं. आमच्या वहीत मात्र त्या नोंदीपुढे बरोबरची खूण होती.

म्हणून माणूस पोचला की नाही, हेही ज्यात येईल असा शब्द हवाय. 'शिफारस' मला नको. तिला वशिल्याचा वास येतो, आणि इथे मिळणारी सेवा हा माणसाचा हक्क आहे.

प्रतिसाद १

सरकारी मराठीत शब्द तयार आहे : संदर्भ सेवा. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिच्या सहा सेवांमध्ये पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी यांच्या जोडीला संदर्भ सेवाही आहे. नाशिकच्या मोठ्या सरकारी रुग्णालयाचं तर नावच 'विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय'.

आज 'संदर्भ' म्हटलं की पुस्तकामागची यादी आठवते, नाहीतर पत्रातली 'संदर्भ : आपले पत्र' ही ओळ. पण शब्दाच्या मुळाशी 'दृभ्' हा संस्कृत धातू आहे. त्याचा अर्थ गुंफणे, ओवणे. संदर्भ म्हणजे एकत्र गुंफलेलं. तुमच्या दहा-बारा संस्थांना याहून नेमका शब्द मला तरी सुचत नाही. 'संदर्भित करण्यात आले' हे क्रियापद मात्र टाळा. त्यात माणूस दिसत नाही, फाइल दिसते.

प्रतिसाद २

मी अंगणवाडी पर्यवेक्षिका आहे. कागदावर 'संदर्भ सेवा' ठीक, पण बोलताना हा शब्द कुणाच्या तोंडी नसतो. सेविका म्हणते, "बाळाला वर पाठवलं." आई म्हणते, "मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिलीय."

कुणी 'वर्ग करणे' सुचवेल, तर तेही घेऊ नका. रक्कम वर्ग होते, गुन्हा दुसऱ्या ठाण्याकडे वर्ग होतो. वर्ग केलं की आपल्याकडचं काम संपलं, असा त्या शब्दाचा सूर आहे. आणि 'पाठवणी' तर लग्नातली.

ताई, नावापेक्षा वहीतले रकाने बदला. पाठवलं, पोचली, काम झालं, असे तीन. मधला रकाना भरायचा तर समोरच्याला फोन करावाच लागतो.

प्रतिसाद ३

'माहितीची देवाणघेवाण' हा शब्दप्रयोगही जपून वापरा. त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात. केंद्र कुठे आहे, कधी उघडं असतं, कोणते कागद लागतात, पैसे पडतात का, ही सेवेची माहिती. ती सगळ्यांना खुली हवी आणि ताजी हवी. ती ताजी नव्हती म्हणूनच तुमच्या त्या बाईंचा फेरा फुकट गेला.

दुसरी असते व्यक्तीची नोंद : नाव, आजार, घरातली मारहाण. तिची देवाणघेवाण होत नसते. त्या व्यक्तीच्या संमतीनं, जेवढं लागेल तेवढंच पुढे कळवायचं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अशी तरतूद आहे की, संमती मागताना दिलेली सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचायची सोय हवी. म्हणजे मराठीतही. तेव्हा संमतीची ओळ त्या बाईंना ऐकताक्षणी कळेल, अशी लिहा.

डेटाला 'विदा' म्हणावं असं मलाही वाटतं, पण या बैठकीत 'माहिती' आणि 'नोंद' हे दोन शब्द वेगळे ठेवलेत तरी पुष्कळ झालं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. आमंत्रणावर 'संदर्भ सेवा कार्यशाळा' असंच छापतोय. 'सहविचार सभा' हा शब्द मला प्रिय आहे, पण सभेतून माणसं बोलून उठतात. आम्हाला संध्याकाळपर्यंत सगळ्यांना चालेल अशी एक चिठ्ठी तयार करायची आहे, म्हणून कार्यशाळा.

आणि हवा होता तो शब्द पर्यवेक्षिकाताईंच्या मधल्या रकान्यात सापडला : पोच. पत्राची पोच देतात, पैशांची पोचपावती मिळते, तशी माणसाचीही पोच द्यायची. चिठ्ठीचा खालचा तुकडा फाडून ठेवता येईल असा करतोय. त्यावर छापायचं : 'पोच. आमच्याकडे आल्या, दिनांक अमुक.' तोच मजकूर पाठवणाऱ्याला फोनवर कळवायचा. वरच्या भागात संमतीची ओळ अशी : 'माझं नाव आणि माझी अडचण त्यांना सांगायला माझी हरकत नाही.' कच्चा मसुदा काल आमच्या मदतनीस मावशींना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "आणि हरकत असेल तर? ते कुठं लिहायचं?" आता तिथे दोन चौकोन येतील.

एक शब्द अजून अडलाय. येणाऱ्या माणसासाठी मसुद्यात 'लाभार्थी' आहे. मला तो खटकतो. दुसरा काय घ्यावा?