जुना लॅपटॉप चालवायचा की नवा घ्यायचा?

हिशेबवाली (कर्वेनगर): घरून छोट्या दुकानदारांचे हिशेब सांभाळते, जीएसटीची विवरणपत्रं भरते. लॅपटॉप सातव्या पिढीचा आय५, ८ जीबी रॅम, फिरणारी हार्ड डिस्क. टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर), एक्सेल आणि जीएसटीचं पोर्टल एकदम उघडलं की सगळं ठप्प. २० तारीख, म्हणजे ३बी हे जीएसटीचं दरमहाचं विवरणपत्र भरायची मुदत, जवळ आली की जीव टांगणीला. नव्याला साठेक हजार लागतील. घालावेत का?

बुधवारपेठी: ताई, अजिबात नको. विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडून बघा, कोणत्या भागावर किती ताण आहे ते त्यात दिसतं. डिस्क १०० टक्क्यांवर आणि प्रोसेसर निवांत असेल, तर दुखणं डिस्कचं आहे. तुमची डिस्क सेकंदाला १०० एमबीच्या आसपास वाचत असेल, साधी साटा एसएसडी, म्हणजे चिपवर डेटा साठवणारी डिस्क, ५०० च्या घरात जाते. खरा फरक त्याहून मोठा, कारण टॅलीचा डेटा अनेक फाइलींत विखुरलेला असतो आणि त्या शोधायला हार्ड डिस्कचं वाचणारं हेड सारखं इकडून तिकडे धावतं. एसएसडीत हलणारा भागच नाही. पुण्यातल्या तपकीर गल्लीत चौकशी करा, नव्याच्या किमतीचा छोटासा हिस्सा लागेल. चालता लॅपटॉप भंगारात काढणं मला पटत नाही.

हिंजवडीकर: वेगाचं सगळं मान्य, निष्कर्ष नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षा अपडेट मिळणं, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलची साधारण आठवी पिढी लागते, यांचा आय५ त्यात बसत नाही. यांच्या मशीनवर दुसऱ्यांचे पॅन, बँकेचे तपशील, पोर्टलचे पासवर्ड आहेत. एसएसडीने ते सुरक्षित होत नाहीत.

बुधवारपेठी: वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत की!

हिंजवडीकर: ती सोय घरगुती वापरासाठी, आणि तीही संपणारीच. त्यासाठी जुन्या मशीनवर पैसे का घालायचे?

मुक्तस्रोत: विंडोजऐवजी उबुंटू ही मोफत प्रणाली टाका, प्रश्न मिटला.

हिशेबवाली: टॅली विंडोजवरचं आहे हो. माझं सगळं काम त्यातच.

नकाशे_आणि_रेंडर (सहकारनगर): माझ्या थ्रीडी कामाला वेगवान प्रोसेसर लागतो, त्याचे पैसे वसूल होतात. हिशेबाला तेवढा नको. कंपन्यांनी बदललेले आठव्या किंवा पुढच्या पिढीचे बिझनेस लॅपटॉप बघा, एसएसडी आणि १६ जीबी असलेले. रॅमचा स्लॉट आहे का, हे आधी विचारा. बऱ्याच पातळ मॉडेलांत रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, पुढे वाढवता येत नाही. बॅटरी फुगलेली नाही ना, तेही बघा.

बुधवारपेठी: वापरलेलं घ्यायचं तर लेखी वॉरंटीशिवाय नको. तरी म्हणतो, आधी एसएसडी. उद्या मशीन बदललं तर कव्हरमध्ये घालून बाहेरची डिस्क म्हणून बॅकअपला वापराल.

हिशेबवाली: दुसऱ्यांचे पासवर्ड हा मुद्दा मला टाळता येत नाही. या महिन्याची विवरणपत्रं भरून झाली की वापरलेला, विंडोज ११ चालणारा बघायला जाते. खात्रीचं दुकान कुणाला माहीत असेल तर कळवा.