ट्रिस्टन दा कुन्हा : ‘कोणी वरचढ नाही’ हा रिवाज आजही टिकावा का?

दर्यावर्दी (धागाकर्ता)

दक्षिण अटलांटिकमधल्या ट्रिस्टन दा कुन्हा बेटाचा विषय निघाला की बोलणं त्याच्या एकटेपणापाशीच अडकतं. सर्वांत जवळची वस्ती म्हणजे सेंट हेलेना, तीही सुमारे २,४०० किलोमीटरवर. विमानतळ नाही. केपटाउनहून बोटीने जवळपास आठवडा लागतो. मला त्या अंतराबद्दल बोलायचं नाही, तिथल्या रिवाजाबद्दल बोलायचं आहे, आणि मी रिवाजाच्या बाजूने आहे हे आधीच सांगतो.

१८१६ मध्ये ब्रिटिशांनी या बेटावर लष्करी ठाणं बसवलं. नेपोलियन तेव्हा सेंट हेलेनावर कैदेत होता आणि त्याला सोडवायला फ्रेंच या बेटाचा वापर करतील अशी धास्ती होती. पुढच्याच वर्षी ठाणं उठलं. विल्यम ग्लास नावाचा स्कॉटिश कॉर्पोरल मात्र बायकोमुलांसह मागे राहिला, आणि त्याच्याबरोबर सॅम्युअल बर्नेल आणि जॉन नॅनकिव्हेल हे दोन गवंडी. नोव्हेंबर १८१७ मध्ये त्यांनी एक करार लिहून काढला. गुरंढोरं आणि साठा सगळ्यांच्या सारख्या मालकीचा, नफा सारखा वाटायचा, आणि कोणीही दुसऱ्यावर वरचढपणा करायचा नाही.

त्या कागदातली कलमं आज कोणी जशीच्या तशी पाळत नाही, पण त्याचा पिंड टिकला आहे. बेटावरची जमीन सामाईक आहे. वस्तीच्या पश्चिमेला ‘पॅचेस’ नावाची बटाट्याची शेतं आहेत. दगडी गडग्यांनी आखलेले हे तुकडे एकेक कुटुंब कसतं. एका घराने किती गाई आणि किती मेंढ्या ठेवायच्या याला मर्यादा आहे. बाहेरच्या माणसाला तिथे जमीन विकत घेता येत नाही आणि सहसा कायमचं राहताही येत नाही.

ही मर्यादा समजून घ्यायची असेल तर बेटाचा आकार डोळ्यासमोर आणा. मधोमध दोन हजार मीटरहून उंच ज्वालामुखी, चहूबाजूंनी कडे, आणि पायथ्याला वायव्येकडे सपाट जमिनीची एक अरुंद पट्टी. वस्तीही तिथेच, चराईही तिथेच. अशा गायरानावर एका घराने दुप्पट गुरं सोडली तर शेजाऱ्याच्या गाईला गवत उरत नाही, आणि शेजारी निघून तरी जाणार कुठे? म्हणून मला हा नियम भाबड्या आदर्शवादातून आलेला वाटत नाही. एवढ्याशा जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांची तोंडं बघत राहायचं तर श्रीमंत घर आणि गरीब घर अशी फूट परवडत नाही, हे तिथल्या लोकांना पक्कं कळलं आहे. विकासाच्या नावाखाली या नियमाला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

गवाक्ष

धागा आवडला, पण मत अजिबात पटलं नाही.

‘सगळे समान’ या करारावर सह्या पुरुषांच्या आहेत. ग्लासची बायको मारिया तेव्हा बेटावरच होती, तिचं नाव त्यात कुठे आहे? दहा वर्षांनी, १८२७ मध्ये, बेटावरच्या पाच अविवाहित पुरुषांसाठी सेंट हेलेनाहून पाच बायका बोटीने आणल्या गेल्या. ज्यांच्याशी संसार करायचा त्या माणसांना त्यांनी पाहिलेलंही नव्हतं. आजची बेटावरची बहुतेक घराणी या बायकांपर्यंत पोचतात, आणि कौतुक मात्र तीन पुरुषांच्या कागदाचं होतं. शिवाय ‘कोणी वरचढ नाही’ असं लिहून देणाऱ्या ग्लासलाच पुढे लोक गव्हर्नर ग्लास म्हणू लागले.

दुसरं, बंद दाराची किंमत. टोरोंटो विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९० च्या दशकात तिथे तपासण्या केल्या तेव्हा जवळपास निम्म्या लोकांमध्ये दम्याची लक्षणं आढळली. जगात इतकं प्रमाण क्वचितच दिसतं. मोजक्या पूर्वजांपासून वाढलेली लोकसंख्या हे त्यामागचं कारण मानलं जातं. ग्लास, ग्रीन, हेगन, लव्हारेलो, रेपेटो, रॉजर्स, स्वेन ही जुनी आडनावं, आणि सगळे एकमेकांचे नातेवाईक. आज लोकसंख्या अडीचशेच्याही आत आहे आणि त्यात म्हातारी माणसं वाढत चालली आहेत. गाईंची मर्यादा खुशाल ठेवा, पण माणसांना मज्जाव कशासाठी?

रानजाई

तुमच्या दोघांच्या वादात सणवार राहूनच गेले, म्हणून मध्ये पडते.

१८८२ मध्ये ‘हेन्री बी. पॉल’ हे जहाज बेटाला लागून फुटलं आणि त्यावरचे उंदीर बेटावर उतरले. तेव्हापासून बटाट्याच्या पिकामागे त्यांचा त्रास लागला. त्यातूनच ‘रॅटिंग डे’ आला. वर्षातून एक दिवस सगळा गाव टोळ्या करून पॅचेसमध्ये जातो, गडग्यांचे दगड हलवून कुत्र्यांच्या मदतीने उंदीर मारतो आणि संध्याकाळी शेपट्या मोजून बक्षिसं देतो. बटाटा तिथे नुसतं जेवणातलं पीक नव्हतं हे लक्षात घ्या. पैसा रुळला तो दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये नौदलाचं केंद्र आल्यावर. १९४६ मध्ये अ‍ॅलन क्रॉफर्ड यांनी बेटासाठी टपाल तिकिटाचा नमुना तयार केला, त्यावर किंमत होती एक पेनी किंवा चार बटाटे.

मेंढ्यांची लोकर कातरायचा दिवसही असाच. सगळी घरं एकाच ठिकाणी, आजीपासून नातवापर्यंत. आणि ३१ डिसेंबरला ‘ओल्ड इयर्स नाइट’. तरुण पोरं मुखवटे आणि विचित्र कपडे घालून घरोघर फिरतात, त्यांना ओकलोलीज म्हणतात. कोण कोण आहे ते ओळखू द्यायचं नाही आणि समोरच्याला घाबरवायचं. अडीचशे माणसांच्या गावात प्रत्येकाला प्रत्येकाची चालही पाठ असते. तिथे एक रात्र अनोळखी होऊन फिरायला मिळणं ही माणसांची खरी गरज असणार. कायद्यापेक्षा हे दिवसच गाव बांधून ठेवतात, असं मला वाटतं.

खडूफळा

रानजाई, वर्णन सुंदर आहे, पण ओकलोलीज पोरींच्या मागे लागून त्यांना घाबरवतात ही त्या रात्रीची दुसरी बाजू. ‘परंपरा आहे’ म्हटलं की घाबरणाऱ्याला कोणी विचारत नाही. कुठल्याही गावात मुलींना हा खेळ नको असेल तर तो बदलायला हवा, बेट कितीही दूर असो.

माझा मुख्य मुद्दा शाळेचा. सेंट मेरीज या तिथल्या एकमेव शाळेत साधारण सोळाव्या वर्षापर्यंत शिकता येतं. पुढे शिकायचं तर समुद्र ओलांडायचा. जी मुलगी बाहेर जाऊन परिचारिका किंवा अभियंता होते, तिने परत यायचं तर येताना जोडीदार कुठून आणायचा? वीस-बावीस वर्षांची किती मुलं असतील त्या गावात? दार बंद ठेवण्याचा भार म्हाताऱ्यांवर कमी आणि तरुणांवर जास्त पडतो. मर्यादा सगळ्यांना सारखी असली तरी तिचा काच सगळ्यांना सारखा नसतो.

दर्यावर्दी

गवाक्ष, बायकांबद्दलचा तुमचा मुद्दा बिनतोड आहे आणि त्यावर मी वाद घालणार नाही. फक्त पुढची नोंद जोडतो. २८ नोव्हेंबर १८८५ ला एका जाणाऱ्या जहाजाशी देवाणघेवाण करायला निघालेली होडी पंधरा पुरुषांसह बुडाली. गावातले बहुतेक धडधाकट पुरुष एका दिवसात गेले. मागे विधवा, मुलं आणि मोजके म्हातारे. जिथे ज्याचं त्याचं वेगळं असतं तिथे अशा घरांचं काय होतं हे आपण जाणतो. तरीही वस्ती उठली नाही. आजच्या बेट परिषदेत आठ निवडून आलेले आणि तीन नेमलेले सदस्य असतात, आणि निवडून आलेल्यांत किमान एक स्त्री असलीच पाहिजे असा नियम आहे. पुरेसा नाही, पण कराराच्या काळापासून गोष्ट हलली आहे.

माणसांना पूर्ण मज्जाव आहे हे मात्र खरं नाही. लग्नाच्या वाटेने बाहेरची माणसं आली आहेत. कॉलिन्स आणि स्क्विब ही अलीकडची आडनावं तशीच आली. १८९२ मध्ये ‘इटालिया’ जहाज फुटल्यावर कामोली गावचे दोन खलाशी राहिले, त्यांच्यापासून लव्हारेलो आणि रेपेटो आले. येऊन त्यांच्यातला होणाऱ्याला जागा मिळत आली आहे. पैसे टाकून जमीन घेणाऱ्याला मिळत नाही, आणि ते मला योग्य वाटतं. एखाद्या धनाढ्य माणसाला ‘जगातल्या सर्वांत एकाकी बेटावर’ घर हवं असेल तर तो एका फटक्यात सगळ्या गावापेक्षा मोठा होईल.

ताळेबंद

रिवाज, करार, सण हे सगळं ठीक, पण गाव पोसतं कोण? क्रेफिश. १९४९ पासून तिथे हा शेवंडीसारखा प्राणी पकडून, गोठवून निर्यात करण्याचा धंदा आहे आणि बेटाचं मुख्य उत्पन्न तेच. बाकी टपाल तिकिटं वगैरे. मासेमारीला जाण्याजोगा दिवस उजाडला की वस्तीत टांगलेलं जुनं गॅस सिलिंडर बडवतात आणि माणसं सरकारी काम सोडून बंदराकडे धावतात. फेब्रुवारी २००८ मध्ये मासळीचा कारखाना जळाला तेव्हा गावाचं उत्पन्नच धोक्यात आलं. त्या वेळी १८१७ चा कागद उपयोगी पडणार नव्हता. समानता टिकली आहे ती समुद्रात माल आहे आणि तो विकला जातो म्हणून.

दर्यावर्दी

ताळेबंद, माल तर जगात पुष्कळ ठिकाणी होता. जिथे तो सापडला तिथे चार जण मोठे झाले आणि समुद्र रिकामा झाला, असंच बहुतेकदा घडलं. इथे किती पकडायचं याचा कोटा ठरतो. २०२० मध्ये सुमारे ६ लाख ८७ हजार चौरस किलोमीटरचा सागरी संरक्षित पट्टा जाहीर झाला, त्यातल्या ९० टक्क्यांहून अधिक भागात मासेमारी बंद. गाईंना मर्यादा घालण्याची ज्यांना दोनशे वर्षांची सवय आहे त्यांना समुद्राला मर्यादा घालणं जड गेलं नसावं.

गवाक्ष

सवयीचं श्रेय द्या, पण सत्तेबद्दलही बोला. बेटाचा प्रशासक लंडनहून नेमला जातो. डॉक्टर आणि काही तज्ज्ञ बाहेरून कंत्राटावर येतात, काम करतात, मुदत संपली की जातात. म्हणजे बाहेरच्यांशिवाय चालत नाहीच. त्यांतल्या एखाद्या डॉक्टरीणबाईंना दहा वर्षं राहून, गावाच्या मर्यादा मान्य करून तिथेच घर करायचं असेल तर नाही का म्हणायचं? मी जमीन विकायला सांगत नाही. सामाईक जमीन, गाईंची मर्यादा, शेतांची वाटणी तशीच राहू दे. तेच नियम पाळायला तयार असलेल्या माणसाला, लग्नाची अट न घालता, आत घ्या. खडूफळांनी विचारलेल्या त्या मुलीला याहून वेगळं उत्तर माझ्याकडे नाही.

खडूफळा

याला माझा पाठिंबा. आणि आधी परत येऊ पाहणाऱ्या तरुणांचं मत घ्यावं, कारण गावात नसलेल्यांचा आवाज गावच्या सभेत पोचत नाही.

दर्यावर्दी

गवाक्ष, तुमची सूचना मला आवडली, पण ती आपण ठरवायची नाही. ऑक्टोबर १९६१ मध्ये वस्तीला लागूनच ज्वालामुखी फुटला आणि २६४ माणसांना आधी केपटाउन आणि मग इंग्लंडला नेलं. साउदॅम्प्टनजवळच्या कॅलशॉटला हवाई दलाच्या जुन्या वसाहतीत त्यांना ठेवलं. पगार, वीज, दुकानं, सिनेमा, डॉक्टर सगळं हाताशी. ही माणसं आता इथेच रमतील असा अधिकाऱ्यांचा होरा होता. डिसेंबर १९६२ मध्ये गुप्त मतदान झालं : परत जाण्याच्या बाजूने १४८, विरुद्ध ५. १९६३ मध्ये बहुतेक जण परतले. पुढे काही कुटुंबं पुन्हा इंग्लंडला आली, त्यांनाही कोणी अडवलं नाही.

दहा वर्षं राहिलेल्या डॉक्टरीणबाईंना घर द्यायचं की नाही याचंही मतदान तिथल्याच सभेत व्हावं, आणि खडूफळा म्हणतात तसं बाहेर शिकणाऱ्या मुलांची मतं त्यात धरावीत. त्यांनी ‘हो’ म्हटलं तर मला आनंदच होईल. ‘नाही’ म्हटलं तरी मी त्यांच्या बाजूने उभा राहीन. कारण उद्या चराई कमी पडली तर गाय त्यांना विकावी लागणार आहे, तुम्हाआम्हाला नाही.

रानजाई

आणि मतदान रॅटिंग डेच्या दिवशी ठेवू नका, त्या दिवशी गाव पॅचेसमध्ये असतो.