नल (कुठेच न दाखवणारा पत्ता) आला तर रिकामी स्ट्रिंग (अक्षरांची ओळ) समजायची का?

मिऱ्याबंदर
मंडळी, मासेमारी बोटींसाठी जागा दाखवणारं छोटं यंत्र आम्ही बनवतो. लिनक्स बोर्ड, कोड सी या प्रोग्रामिंग भाषेतला. परवा मिरकरवाड्याला पत्र्याच्या शेडखाली ते सुरू केलं आणि लगेच कोसळलं. जीपीएसला उपग्रह सापडेपर्यंत त्याच्या ओळीतली अक्षांश-रेखांशाची घरं रिकामी असतात, नुसते स्वल्पविराम. ओळीचे तुकडे करणारा सी चा तयार स्ट्रटॉक लागोपाठचे स्वल्पविराम एकच धरतो. तुकडे कमी पडले, शेवटी नल आला नि तो तसाच स्ट्रिंगची लांबी मोजणाऱ्या स्ट्रलेनला गेला. सहकारी म्हणतो, आपलं स्वतःचं स्ट्रलेन लिहू, नल आला की लांबी शून्य. माझा याला ठाम विरोध आहे.

देवगडकर
मला पटत नाही. वीस वाव पाण्यात, रात्री, बोट हाकणाऱ्या तांडेलासमोरचा पडदा काळा झाला तर? घेतलेली मेमरी परत करणाऱ्या फ्रीला नल दिला तर ते काहीच करत नाही, सी च्या प्रमाणातच (भाषेच्या अधिकृत नियमांतच) तसं लिहिलंय. मग स्ट्रलेनने का कोसळावं?

मिऱ्याबंदर
फ्रीकडून आपण उत्तर घेत नाही, स्ट्रलेनकडून घेतो. आणि खरी गोष्ट ऐका. घरं सरकली होती. अक्षांशाच्या जागी फिक्सचा (जागा सापडल्याचा) दर्जा सांगणारा ० येऊन बसला होता! नल आला म्हणूनच हे कळलं. तो गिळला असता तर रत्नागिरीची बोट, १७ अंश उत्तरेची, पडद्यावर विषुववृत्तावर दिसली असती. काळा पडदा बघून तांडेल होकायंत्राकडे वळेल. चुकीच्या आकड्यावर तो भरवसा ठेवेल, याची मला भीती वाटते.

वेंगुर्ला_सी
तपासणी करायची तर स्ट्रलेनच्या आधी करा. नल दिल्यावर काय होईल याची प्रमाणात हमी नाही, त्यामुळे स्ट्रलेन झालं म्हणजे पॉइंटर (मेमरीतला पत्ता) नल नाहीच असं कोडचा प्रोग्राम बनवणारा जीसीसी कंपायलर धरतो आणि खालची तपासणी काढून टाकू शकतो. मजकूर छापणाऱ्या प्रिंटएफने कंसात ‘नल’ छापलं म्हणूनही निर्धास्त राहू नका. ती ग्लिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीची सवलत आहे. प्रिंटएफमध्ये टक्का-एस (‘इथे स्ट्रिंग छाप’ ही खूण) आणि पुढे फक्त नवी ओळ असेल तर जीसीसी त्याचं पुट्स (नुसती ओळ छापणारं फंक्शन) करतो, आणि तिथे कोसळतं.

देवगडकर
घरं सरकल्याचं मान्य. तरी अख्खं यंत्र बंद पडणं मला चालणार नाही. वॉचडॉग (प्रोग्राम बंद पडला की यंत्र पुन्हा सुरू करणारा) हवा, आणि पडद्यावर ‘जागा मिळालेली नाही’ हे स्पष्ट हवं.

मिऱ्याबंदर
दोन्ही घालतोय. स्ट्रटॉक काढून स्ट्रसेप घेतला, तो रिकामं घर रिकामंच परत देतो. तुटकी ओळ चेकसमलाच (ओळीच्या शेवटी असलेल्या पडताळणीच्या आकड्यालाच) अडते. त्यापुढेही नल आत पोचला तर चूक माझ्या कोडची, तिथे असर्ट (अट मोडली की प्रोग्राम तिथेच थांबवणारी तपासणी) ठेवलाय.