टेरेस पंपाचा खर्च वाचवायच्या आधी हे बघा

कुणीतरी लिहिलंय की सात मजली बिल्डिंगला डाउनकमर (आग विझवायला गच्चीवरच्या टाकीतून प्रत्येक मजल्यावर पाणी आणणारा पाइप) आहे, टाकी गच्चीवर आहे, पाणी आपोआप जोरात खाली येणार, मग त्याला प्रेशर देणाऱ्या टेरेस पंपाचा खर्च कशाला. अहो, गंमत अशी की हे खालच्या मजल्यांना थोडंफार लागू होतं, वरच्यांना अजिबात नाही. १० मीटर उंचीला साधारण १ बार प्रेशर, म्हणजे तळमजल्यावर दोनेक बार मिळतील, पण सातव्या मजल्याचा होज जोडायचा व्हॉल्व टाकीच्या जेमतेम ३-४ मीटर खाली, तिथे ०.३-०.४ बार, त्यात होजमध्ये अजून लॉस, एवढ्यात झाडांना पाणी घालता येईल, आग नाही विझणार. पंप सर्वात वरच्या मजल्यासाठीच असतो.

आणि त्या पंपाची केबल मेन स्विचच्या आधीच वेगळी घ्या, कारण आग लागली की पहिल्यांदा बिल्डिंगची लाईटच बंद करतात!

टाकीच्या आउटलेटला नॉन रिटर्न व्हॉल्व (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) पण हवाच, नाहीतर फायर ब्रिगेडने खालच्या इनलेटमधून पाणी चढवलं की ते सरळ टाकीत जाणार.

अजून एक, फायरची टाकी आधी भरून तिच्या ओव्हरफ्लोने घरगुती टाकी भरायची, म्हणजे साठा कायम फुल्ल आणि पाणीही शिळं राहत नाही. आमच्याकडे उलटं केलं होतं, उन्हाळ्यात टँकरवाले दिवस आले की कमिटी सरळ फायरचं पाणी वापरायची, कुणाला काही वाटायचंच नाही.