परदेशात बांधकामाच्या साइटवर काम करणाऱ्या मैत्रिणींनो, इथे लिहा

सिव्हिल शिकलेल्या, इकडे साइट केलेल्या कितीतरी मुली परदेशात पोचतात आणि 'इथला अनुभव आहे का?' एवढं ऐकून क्षेत्रच सोडतात. फार वाईट वाटतं. ज्या टिकल्या, त्यांनी सुरुवात कुठून केली ते सविस्तर सांगा.

मिसिसागा, कॅनडा
पुण्यात साइट इंजिनीयर होते. इथे मटेरियल टेस्टिंग लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून लागले. पद खालचं, पण साइटवर जायला मिळत होतं. ओल्या काँक्रीटचा घट्टपणा मोजायचा स्लम्प कोन तोच, तीन थर, प्रत्येक थराला 25 ठोके. मात्र ताकद तपासायच्या नमुन्यांसाठी क्यूबऐवजी सिलिंडर भरायचे, 16 मिमीच्या सळईला '15एम' म्हणायचं, आणि उघड्यावरच्या काँक्रीटमधली हवा मोजायची. थंडीत आत मुरलेलं पाणी गोठून फुगतं. बारीक बुडबुडे असले तरच त्याला जागा मिळते, नाहीतर पृष्ठभागाचे पापुद्रे निघतात.

पार्किंगच्या एका स्लॅबला हवा कमी भरली. फोरमन म्हणाला, "तू नवीन आहेस, परत मोज." त्याच्यासमोर मोजली, आकडा तोच आला. काँक्रीटची गाडी परत गेली. पुढच्या ओतकामापासून पंप सुरू करण्याआधी तो मला विचारायला लागला.

2023 मध्ये ऑन्टॅरिओत पी.इंज.साठी (इंजिनीयरच्या परवान्यासाठी) कॅनडातल्या अनुभवाची अट काढली गेली. तेव्हा भारतातल्या कामाची कागदपत्रं जपा: तुम्ही काय तपासलंत, कुठला निर्णय घेतलात, आणि ते सांगू शकेल असा वरिष्ठ.

डॅलस, अमेरिका
एच-4 वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळणाऱ्या जोडीदाराच्या व्हिसावर होते. 2015 मध्ये आमच्यातल्या काही जणींना ईएडीची, म्हणजे काम करायच्या परवान्याची सोय झाली, तोवर घरीच. मधल्या वर्षांबद्दल प्रत्येक मुलाखतीत विचारलं गेलं, त्याचा फार त्रास झाला. शेवटी एस्टिमेशनमधून, म्हणजे सामान आणि खर्चाचा अंदाज काढायच्या कामातून शिरले. नकाशावरून क्वांटिटी काढता येते ना, मग फूट-इंच आठवड्यात अंगवळणी पडतात.

मेलबर्न
व्हाइट कार्ड, म्हणजे बांधकामावरच्या सुरक्षेच्या प्रशिक्षणाचं कार्ड, आधी काढा, त्याशिवाय बांधकामाचं काम करता येत नाही. आणि आपल्या मापाचा हार्नेस ठामपणे मागा. पुरुषी मापाचा ढगळ पट्टा पडताना धरत नाही.

दुबई
इथे फिटर, सुतार बरेचसे भारत, पाकिस्तान, बांगलादेशातले, त्यामुळे हिंदी कामी येते. 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी 12.30 ते 3 उन्हातलं काम बंद असतं. मी त्या वेळात ड्रॉइंग्ज आणि बिलं उरकते.

नाशिक
मिसिसागाताई, मी लवकरच ब्रॅम्प्टनला येतेय. साइटवर बायकांसाठी वेगळं टॉयलेट असतं का हो? इथे दिवसभर पाणी न पिता काढते.

मिसिसागा, कॅनडा
मोठ्या साइटवर 2023 पासून ते बंधनकारक आहे. लहान साइटवर रुजू होण्याआधीच विचार, त्यात लाजायचं नाही. आल्याआल्या 'वर्किंग ॲट हाइट्स'चं, म्हणजे उंचीवर सुरक्षित काम करायचं प्रशिक्षण घे, तीन वर्षं चालतं. आणि पाणी पी गं.