होणाऱ्या सुनेची पर्स आणि पंतप्रधानांची खुर्ची : ओयुन-एर्देने गेले ते बरं झालं का?

कडेपठार (धागाकर्ता)

३ जून २०२५ ला मंगोलियाचे पंतप्रधान लुव्सन्नाम्स्राइन ओयुन-एर्देने विश्वासमत हरले. आपल्याकडे ही बातमी 'पर्सपायी पंतप्रधान गेला' एवढ्यावर संपली. प्रकरण थोडक्यात असं : त्यांच्या तेविशीतल्या मुलाच्या होणाऱ्या बायकोनं इन्स्टाग्रामवर फोटो टाकले. डिओरची काळी पर्स, खरेदीच्या पिशव्या, महागडी गाडी. लोकांनी विचारलं, पैसा कुठून आला? मेच्या मध्यापासून राजधानी उलानबातरच्या सुखबातर चौकात तरुण पोरं रोज जमायला लागली. 'राजीनामा देणं सोपं आहे' ही त्यांची घोषणा. भ्रष्टाचारविरोधी यंत्रणेनं चौकशी सुरू केली. पंतप्रधानांनी आरोप फेटाळले, हिशेब उघडायची तयारी दाखवली आणि स्वतःच संसदेत विश्वासमत मागितलं.

माझं मत सरळ आहे. चौकशीचा निकाल यायच्या आधी माणसाला घालवणं म्हणजे आधी फाशी, मग खटला. आणि हा माणूस काही ऐऱ्यागैऱ्या नव्हता. खेन्ती प्रांतातलं बेर्ख, फ्लोरस्पारच्या खाणीवर जगणारं गाव, तिथं आजीआजोबांकडे वाढलेला. पुढे हार्वर्डची पदवी. जानेवारी २०२१ मध्ये पंतप्रधान झाला तेव्हा वय ४०. आल्या आल्या समोर कोविड. पहिल्या लशी आपल्या पुण्यातून गेल्या, सीरमच्या कोविशील्डचे दीड लाख डोस. देशातली पहिली सुई त्यानं स्वतःच्या दंडात टोचून घेतली आणि मंगोलियानं लसीकरण असं रेटलं की श्रीमंत देश बघत राहिले. चार वर्षं टिकलेला पंतप्रधान तिथं दुर्मीळ. १९९८ ते २००० या दोन वर्षांत तिथं तीन पंतप्रधान झाले होते! घडी बसत होती ती एका पर्सनं मोडली.

सडेतोड

कडेपठार, लेख छान आहे पण अर्धा आहे. हे गृहस्थ पंतप्रधान झाले कसे, ते तुम्ही गाळलंत.

डिसेंबर २०१८. पदं विकून ६० अब्ज तुग्रिग (तिथलं चलन) गोळा करायच्या प्रकरणात संसदेचे सभापती एंखबोल्ड यांचं नाव आलं. कडाक्याच्या थंडीत त्याच सुखबातर चौकात हजारो लोक उतरले. त्यांच्या पुढे कोण होतं? खासदार ओयुन-एर्देने. तेव्हा कुठल्या कोर्टाच्या निकालासाठी ते थांबले होते का हो? महिनाभरात सभापती गेले, यांचं नाव घरोघर झालं. दोन्ही मोठे पक्ष आतून एक आहेत, मिळून देश खातात, हे तेव्हाचं त्यांचं भाषण.

दुसऱ्याच्या चौकशीला सबुरी नाही आणि स्वतःच्या वेळी मात्र 'निकाल येऊ द्या'? पोरांनी वेगळं काही केलं नाही, त्यांचाच धडा त्यांना वाचून दाखवला.

टवाळ

त्यांच्या आधीचे पंतप्रधान खुरेलसुख तर बाळंतिणीपायी गेले. नुकती बाळंत झालेली बाई, अंगावर दवाखान्याचा झगा, पायात सपाता, आणि तशीच उणे पंचविसात बाहेर काढून कोविड केंद्रात नेली. व्हिडिओ फिरला, सरकार पडलं. पाच महिन्यांत तेच खुरेलसुख राष्ट्राध्यक्ष! मंगोलियात राजीनामा ही बढतीची पहिली पायरी दिसते. ओयुन-एर्देनेंनी धीर धरावा.

भूगर्भ

मी खनिजाच्या धंद्यातला, म्हणून माझी नजर पर्सवर नाही, ओयु तोल्गोईवर जाते. गोबीतली ही तांब्या-सोन्याची खाण. सरकारचा वाटा ३४ टक्के, बाकी शेवटी रिओ टिंटो या खाणकंपनीकडे. कागदावर ३४ टक्के ऐकायला गोड लागतं. मेख अशी की सरकारच्या वाट्याचं भांडवलही भागीदारानंच कर्जाऊ घातलेलं, व्याजासकट, आणि आधी ते कर्ज फिटायचं, मग लाभांश. खाण जमिनीखाली नेताना खर्च फुगला, तसं कर्जही फुगत गेलं. माल आपल्या जमिनीतला, मालकी आपली, आणि हातात पुढची कित्येक वर्षं काही नाही.

जानेवारी २०२२ मध्ये ओयुन-एर्देने सरकारनं रिओकडून सुमारे २.४ अब्ज डॉलरचं कर्ज माफ करून घेतलं आणि मगच भुयारी उत्खननाला हिरवा कंदील दाखवला. मार्च २०२३ मध्ये तिथून माल निघू लागला. एवढ्या मोठ्या कंपनीला असं नमवणारी सरकारं मी फार पाहिली नाहीत. पुढे एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रीय संपत्ती निधीचा कायदा केला, मोठ्या खाणींचा नफा थेट नागरिकांच्या नावे वळवायचा म्हणून. जानेवारी २०२५ मध्ये फ्रान्सच्या ओरानो कंपनीशी युरेनियमचा करार. अशा माणसाला शत्रू किती असतील विचार करा. आपल्याविरुद्ध बड्या हितसंबंधांनी मोहीम उघडली आहे असं ते म्हणाले, ते मला पटतं. पर्स हे निमित्त.

सडेतोड

भूगर्भ, तांब्याचं बोललात, कोळशाचं कोण बोलणार? डिसेंबर २०२२ ला हाच चौक परत भरला होता. चीनला जाणारा कोळसा हिशेबाबाहेर जातोय, सीमेवरचे ट्रक आणि कागदावरचे टन जुळत नाहीत, हा आरोप. सरकारी कंपनी एर्देनेस तवान तोल्गोई त्याच्या मध्यभागी. सत्ताधारी पक्षाची माणसं त्यात नव्हती असं तुम्ही छातीवर हात ठेवून सांगाल?

भूगर्भ

नाही सांगणार. पण लोक चौकात आल्यावर सरकारनं कोळशाचे करार जाहीर केले आणि विक्री बोलीनं एक्स्चेंजवर आणली, हेही त्याच सरकारचं. चोरी जुनी होती, दार यांनी लावलं.

सडेतोड

दार लावलं म्हणता, तर ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनलची भ्रष्टाचाराची यादी बघा, नंबर जितका मोठा तितका भ्रष्टाचार जास्त. २०२० मध्ये मंगोलिया १११वा होता, २०२४ मध्ये ११४वा. चार वर्षं हार्वर्डचा सुधारक आणि गाडी तिथल्या तिथे.

कडेपठार

मधलं वर्ष का गाळलंत? २०२३ मध्ये १२१वा होता. म्हणजे शेवटच्या वर्षी सुधारणाच झाली.

टवाळ

म्हणजे आधी यांनीच खड्डा खणला, मग अर्धा भरला, आणि आता हार घाला.

नीरजा_पा

मला एक वेगळीच गोष्ट खुपते. सप्टेंबर २०२४ मध्ये पुतिन उलानबातरला आले. मंगोलिया आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा सदस्य, पुतिन यांच्यावर त्याच न्यायालयाचं अटक वॉरंट. यांच्या सरकारनं लाल गालिचा घातला. तत्त्वाची भाषा करणाऱ्या नेत्याबद्दल चर्चा करताना हे कुणीच का काढत नाही?

कडेपठार

ताई, ज्या देशाचं नव्वद टक्क्यांहून जास्त पेट्रोल-डिझेल रशियातून येतं, त्यानं पुतिनला बेड्या घालायच्या? दुसऱ्या दिवशी उणे तिशीच्या देशात गाड्या उभ्या. साइनशांदला भारताच्या कर्जातून रिफायनरी होतेय ती याच अडचणीसाठी. ती सुरू होऊ द्या, मग तत्त्व विचारू.

आकडेमोड

वाचतोय केव्हाचा. दोन्ही बाजू पर्सभोवती फिरताहेत, निमित्त की कारण यावर. मला वाटतं गोम दुसरीकडे आहे, २०२४ च्या निवडणुकीत.

२०२३ मध्ये घटना बदलून यांनी खासदार ७६ चे १२६ केले. ७८ मतदारसंघातून, ४८ पक्षांच्या यादीतून. छोट्या पक्षांना जागा मिळावी, पैशाचा जोर कमी व्हावा, हा युक्तिवाद, आणि तो चुकीचा नव्हता. २८ जून २०२४ ला मतदान झालं. यांच्या पीपल्स पार्टीला ६८. बहुमताला हव्या ६४. म्हणजे एकट्यानं सरकार चालवता येत होतं. तरी यांनी काय केलं? मुख्य विरोधी डेमोक्रॅटिक पार्टीचे ४२ आणि हुन पक्षाचे ८ यांनाही मंत्रिमंडळात घेतलं. १२६ पैकी ११८ सत्तेत. विरोधात उरले आठ!

चौदा महाप्रकल्पांसाठी सगळ्यांची साथ हवी, असं कारण दिलं. पण तरुणांना हे कसं दिसलं असेल? २०१८ ला 'दोन्ही पक्ष एकच' म्हणून ओरडणाऱ्यानंच दोन्ही पक्ष अधिकृतपणे एक केले. त्याआधी २०२२ मध्ये, किती खासदारांनी मंत्री व्हायचं यावरची मर्यादाही काढली होती. तिकडे याला 'दुहेरी देल' म्हणतात, देल म्हणजे त्यांचा पारंपरिक अंगरखा. एकावर एक दोन अंगरखे. सरकारला जाब विचारायचा तोच सरकारात बसलेला. संसदेत प्रश्न विचारायला कुणी उरलं नाही, मग पोरं प्रश्न कुठं विचारणार? चौकातच. पर्स नसती तर धुरावरून, ट्रॅफिकवरून, कशावरून तरी हे झालंच असतं.

आता मतदान पाहा. चौकाला पाठिंबा दिला म्हणून मेमध्ये डेमोक्रॅट्सना आघाडीतून काढलं. ३ जूनला ८२ जण गुप्त मतदानाला होते. बाजूनं ४४, विरोधात ३८. सभागृहात आलेल्यांत ते जिंकले! पण हवी होती ६४. स्वतःच्या पक्षाचे ६८ आणि मिळाली ४४, म्हणजे घरचेच किमान २४ जण एकतर आले नाहीत किंवा उलटे पडले. त्यांना चौकानं पाडलं म्हणणं चौकाचा मोठेपणा झाला. पाडलं घरच्यांनी, चौकाकडे बोट दाखवून.

कडेपठार

२४ चा हिशेब मान्य. पण त्यातून माझाच मुद्दा पक्का होतो. पक्षातल्या नाराजांना पर्स आयती सापडली. आणि व्यापक सरकार केलं तर त्यात गुन्हा काय? एका बाजूला रशिया, दुसऱ्या बाजूला चीन, लोकसंख्या जेमतेम पस्तीस लाख, त्यातली निम्मी एका शहरात. सीमेवरच्या गाशून सुखाईतपासून चीनच्या रेल्वेला जोडणारा मार्ग, वीजप्रकल्प, ही कामं दर दोन वर्षांनी सरकार बदलून होत नसतात.

आकडेमोड

गुन्हा नाही, चूक. स्थिर सरकार त्यांना ६८ मध्ये मिळालंच होतं. वरचे ५० घेऊन स्थैर्य वाढलं नाही, फक्त असंतोषाची बाहेर पडायची वाट बंद झाली. डेमोक्रॅट्स विरोधी बाकावर असते तर पर्सचा प्रश्न एखाद्या खासदारानं सभागृहात विचारला असता, यांनी तिथं कागद टेबलावर ठेवले असते.

नीरजा_पा

हे पटतंय. पण मुलाच्या खर्चाचा हिशेब द्यायला विरोधी पक्ष लागतो का? फोटो बाहेर आले त्याच दिवशी देता आला असता. मालमत्ता उघडायची तयारी आठवड्यांनी नाही दाखवायची.

कडेपठार

मुलगा सज्ञान आहे ताई.

नीरजा_पा

सज्ञान आहे म्हणूनच कमाई कसली हे विचारलं ना!

सडेतोड

आणि कडेपठार, ते गेल्यावर घडी मोडली असं तुम्ही म्हणालात, तर पुढचं सांगतो. दहा दिवसांत ज़ांदनशातार पंतप्रधान झाले, त्याच पक्षाचे. ऑक्टोबरमध्ये संसदेनं त्यांनाही काढायचं मत दिलं, राष्ट्राध्यक्ष खुरेलसुख यांनी नकाराधिकार वापरला, म्हणून तेव्हा खुर्ची टिकली. या वेळी चौकात पोरं नव्हती आणि पर्सही नव्हती. भांडण पक्षातल्या पक्षातच. त्यामुळे आकडेमोड म्हणतात ते मला माझ्या पहिल्या प्रतिसादापेक्षा जास्त पटायला लागलंय, पण ओयुन-एर्देनेंना मी यातून सोडत नाही. तो पक्ष चार वर्षं त्यांच्याच हातात होता.

भूगर्भ

पक्ष हातात होता की खुरेलसुखांच्या, हे आधी ठरवा. मग पुढचं बोलू.