एसएसडी जोडल्यावर झिगबी सेन्सर का गायब होतात

रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर मेमरी कार्डाऐवजी एसएसडी (वेगवान ड्राइव्ह) लावली आणि तेव्हापासून झिगबी (स्मार्ट घरातल्या उपकरणांचं बिनतारी जाळं) सेन्सर सारखे गायब होत असतील, तर बॅटऱ्या बदलत बसू नका. दोष बहुतेक वेळा निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या पोर्टचा असतो. यूएसबी ३ वरून डेटा धावताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो, आणि झिगबी नेमकं तिथेच बोलतं. झिगबीचं डोंगल (सेन्सरचे सिग्नल पकडणारी यूएसबी कांडी) एसएसडीला खेटून खोचलेलं असेल तर सेन्सरचा क्षीण सिग्नल त्यात बुडून जातो.

डोंगल काळ्या, म्हणजे यूएसबी २ च्या पोर्टमध्ये लावा, तेही मीटरभराच्या शिल्डेड एक्स्टेन्शन केबलवर. एवढ्यावर भागलं नाही तरच चॅनेलकडे वळा: वायफाय १ वर असेल तर झिगबी २५ वर. मात्र चॅनेल बदलल्यावर काही उपकरणं पुन्हा जोडावी लागतात, त्यामुळे हे सुरुवातीलाच ठरवलेलं बरं.

आणि हो, पॉवर सप्लायही बघा. ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचाच हवा. मोबाइलच्या चार्जरवर एसएसडीचा भार आला की व्होल्टेज पडतं, ते ४.६३ च्या आसपास उतरलं की लॉगमध्ये अंडर-व्होल्टेजची नोंद दिसते.